'सप्टेंबर डॉन' ही सत्यघटना म्हणून का खपवायची?

बेंटनव्हिलकर
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "सप्टेंबर डॉन हा चित्रपट बघा, मॉर्मन धर्माचा खरा चेहरा कळेल." (मॉर्मन म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ.) तेव्हापासून डोकं फिरलंय. मी आर्कान्सात राहतो. १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाला निघालेल्या ज्या तांड्याची युटात माउंटन मेडोजला मॉर्मनांनी कत्तल केली, तो आमच्याच भागातला. चित्रपटात काय आहे? काल्पनिक बिशप, त्याचा मुलगा आणि तांड्यातली मुलगी यांचं प्रेम. बिशप झालेल्या जॉन वॉइटने डोळे वटारले की आपण मोकळे, खलनायक सापडला! मारणारे प्रत्यक्षात जवळच्या सीडर सिटी आणि आसपासचे मॉर्मन शेतकरी, कारागीर होते. पाच दिवस वेढा. ११ सप्टेंबरला त्यांच्यातला जॉन ली पांढरं निशाण घेऊन गेला. शस्त्रं द्या, सुखरूप नेतो म्हणाला. मग एकेका पुरुषाशेजारी एकेक बंदूकवाला चालवला आणि हुकूम होताच त्यानेच गोळी घातली. सुमारे १२० जीव गेले. वाचली फक्त १७ पोरं, सगळी सात वर्षांच्या आतली. ती काय साक्ष देणार, म्हणून सोडली. एवढं असताना प्रेमकथा लागतेच कशाला?

मेघा_ठाणे
लागते! माझी आई ७२ वर्षांची. नुसता इतिहास असता तर दहा मिनिटांत उठली असती. त्या दोघांसाठी ती शेवटपर्यंत बसली, रडली. मग मी माउंटन मेडोजबद्दल शोधून वाचलं. तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणून आम्ही बघायचंच नाही का?

वासॅच
नऊ वर्षं सॉल्ट लेक सिटीत आहे. चित्रपटात दाखवलाय तसा मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगहॅम यंगचा हुकूम होता हे कशावरून? काय करायचं ते विचारायला सीडर सिटीचा स्वार १० तारखेला त्याच्याकडे पोचला. त्याच दिवशी उत्तर निघालं, त्यांना जाऊ द्या. ते पोचलं १३ ला, तोवर सगळं संपलं होतं. आणि आधीचं कुणी बोलायचं? १८३८ ला मिझूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना हाकला नाहीतर संपवा असा आदेश काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिलला १७ मॉर्मन मारले. तो आदेश रद्द व्हायला १९७६ उजाडलं! १८५७ ला परत अमेरिकी सरकारची फौज चालून येत होती. बायकोच्या बाळंतपणात शेजारच्या मॉर्मन आजी महिनाभर डबा आणत होत्या. असल्या चित्रपटानंतर लोक त्यांच्याकडे कसे बघतात ते मी पाहिलंय.

बेंटनव्हिलकर
आजींना कुणी काही म्हटलं का? मिझूरीचा सूड आर्कान्साच्या बायकापोरांवर उगवायचा, हे डब्याने झाकता तुम्ही! यंगच्या त्याच पत्रात इंडियन त्यांना हवं ते करतील असंही आहे, ते बरं गाळलंत. वीस वर्षांत शिक्षा एकट्या लीला, १८७७ ला.

रानवाटा
तुमच्या भांडणात पायूट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी इंडियन, कुठे आहेत? काही जण हल्ल्यात होते, पण बेत मॉर्मनांच्या मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलाचा. काही गोऱ्यांनी तोंडं रंगवली होती आणि नंतर सगळं पायूटांवर ढकललं. आमच्या गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जायचे. माझ्या वर्गातला एक मुलगा बापाला धरून नेल्यावर शाळेत परत आलाच नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं पाप वाहणं काय असतं ते विचारा त्यांना.

मेघा_ठाणे
पारधी इथे कुठून आले? विषय चित्रपटाचा आहे.

रानवाटा
हाच विषय आहे. तुमच्या आई ज्यांच्यासाठी रडल्या त्यांत पायूट होते का?

मेघा_ठाणे
आईला मध्ये आणू नका. नव्हते. झालं समाधान?

वासॅच
रानवाटा, पायूटांचं मान्य. चर्चनेही २००७ ला, दीडशे वर्षांनी, खेद व्यक्त करताना हेच म्हटलं की मुख्य दोष त्यांच्यावर अन्यायाने लादला गेला.

बेंटनव्हिलकर
दीडशे वर्षांनी! १९९९ ला नवं स्मारक बांधताना खोदकामात हाडं वर आली, किमान २८ जणांची. तोवर ती जमिनीखालीच होती.

वासॅच
मी तिथे गेलोय. टेकडीवर ग्रॅनाइटवर नावं कोरलीत. मुलगी बोट फिरवत वाचत होती. डनलॅप, डनलॅप, परत डनलॅप. "बाबा, हे सगळे एकाच घरातले?" म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. पत्राबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

बेंटनव्हिलकर
असू द्या. त्या भिंतीचा फोटो असेल तर टाका.