कोबे बंदर ते सान्नोमिया : शटल घ्यावी की ट्रेन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन क्रूझने जपानला चाललेय. पहिलं बंदर कोबे. सकाळी आठला बोट लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. देवळं, किल्ले पुढच्या बंदरांवर आहेतच, कोबेला फक्त खरेदी, असा ठराव घरात एकमताने पास झालाय.

बाबा अजूनही शाईच्या पेनाने लिहितात. सान्नोमिया म्हणजे कोबेचा मध्यवर्ती भाग. तिथल्या सेंटर-गाई बाजारात नागासावा नावाचं स्टेशनरीचं दुकान आहे. कोबेतल्या एकेका जागेच्या नावाने ते शाई काढतात आणि त्यातली रोक्को डोंगराची हिरवी बाबांना हवीच आहे. आईला शंभर येनवाल्या दुकानात सोडायचं आणि दोन तास विसरून जायचं.

बोटीची शटल बस माणशी पंधरा डॉलर सांगतायत. तिघांचे पंचेचाळीस! नकाशावर तर बोटीच्या टर्मिनलला खेटूनच पोर्ट लायनर या शहरी ट्रेनचं स्टेशन दिसतंय आणि सान्नोमिया तिथून दुसरं. इतकं सोपं असेल तर शटलने कोण जातं? माझंच काहीतरी चुकतंय का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. आणि दोन फेऱ्यांसाठी इकोका कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) काढावं का?

पायपीट :
काही चुकत नाहीये. टर्मिनलमधून थेट जोडमार्गानेच स्टेशनात जाता येतं. प्रवास जेमतेम पाच मिनिटांचा, भाडं दोनशे येनच्या आसपास. कार्ड नको, त्यात पाचशे येन अनामत अडकते. मशीनमधून सुटी तिकिटं काढा, हजाराच्या नोटा जवळ ठेवा. सकाळची गर्दी सान्नोमियाहून याच लाइनवरच्या पोर्ट आयलंड बेटाकडे येणाऱ्यांची असते, तुम्ही उलट दिशेने जाणार, म्हणजे बसायला मिळेल. परतताना विमानतळाकडे जाणारी गाडी असो की किता-फुतो स्टेशनकडे जाणारी, दोन्ही तुमच्या पोर्ट टर्मिनल स्टेशनला थांबतात.

मात्र बोट कुठल्या धक्क्याला लागणार ते आधी बघा. लहान बोटी कधीकधी मेरिकेन पार्कजवळच्या नाका धक्क्याला लागतात. तिथे पोर्ट लायनर नाही.

आजीचा_बटवा :
आठला बोट लागली म्हणजे आठला बाहेर पडाल असं समजू नका. जपानचं पहिलं बंदर म्हणजे बोटांचे ठसे, फोटो, सगळं तिथेच. आम्हाला दीड तास लागला होता. करमुक्त खरेदी करायची असेल तर मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. बोटीवाले पासपोर्ट ठेवून घेतात का, ते आदल्या रात्रीच रिसेप्शनला विचारून ठेवा. आणि सुरी घेणार असाल तर बोटीवर चढताना ती काढून घेतील, सफर संपल्यावर परत मिळते. माझी विळी नव्हती म्हणून वाचली म्हणायची!

सेंटर-गाईवर छप्पर आहे, त्यामुळे पाऊस आला तरी बिघडत नाही. स्टेशनपासून बाबांच्या चालीने दहा मिनिटं धरा. लिफ्टची पाटी दिसली नाही तर कर्मचाऱ्याला नुसतं 'एरेबेता' म्हणा, तो सोबत येऊन दाखवेल.

धागाकर्ती :
खूप आभार! धक्का पाहिला, पोर्ट टर्मिनलच आहे. शटल रद्द. ही गाडी 1981 पासून ड्रायव्हरशिवाय धावते हे बाबांना आत्ताच सांगितलं, त्यांनी सगळ्यात पुढची सीट आत्ताच धरून ठेवलीय. आता एकच राहिलं : आईला त्या दुकानातून तीनच्या आत बाहेर काढायचं कसं? अनुभवी लोकांनी सांगावं.