फ्लोराइडच्या गावाला आरओ द्यायचं की पावसाची टाकी?

कोरडवाहू:
यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त येतं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर १.५. अशा गावात निधी आला की पहिलं नाव आरओचंच निघतं. माझ्या मते आधी छपराचं पाणी. पत्रा ३० चौरस मीटर, पाऊस ९०० मिलिमीटर, त्यातलं पाऊणच हाती लागलं तरी २० हजार लिटर होतात. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोज २५ लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांना ६ हजार लिटरची टाकी पुरते.

आडपाणी:
हिशेब कागदावर ठीक. पण तेच पाणी आठ महिने साठवायचंय. पत्र्यावर पाखरांची विष्ठा, पन्हाळीत कुजलेला पाला. फ्लोराइडनं सांधे धरायला वर्षं लागतात, जंतूंनी याच आठवड्यात पोर आडवं होतं. आरओ ३ मिलिग्रॅमचं पाणी ०.३ वर आणू शकतं, तेही एका दिवसात.

कोरडवाहू:
म्हणूनच पहिला मिलिमीटरभर पाऊस टाकीत घ्यायचाच नाही. ३० चौरस मीटरला ३० लिटर. चार इंची पाइप साडेतीन मीटर उभा लावला की तेवढं पाणी त्यातच अडतं. तळाच्या झाकणाला बारीक भोक ठेवायचं, म्हणजे पुढच्या सरीआधी तो आपोआप रिकामा होतो. हे भोक गाळानं बुजतं, आणि सगळी व्यवस्था तिथेच फसते. ते दर पावसाळ्यात उघडून साफ करावं लागतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन उरलेला नाही. उघड्या पोत्यातल्या टीसीएलवर विसंबू नका, ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो.

रिजेक्टवाला:
आडपाणी, आरओचं अर्धंच सांगितलंत. निम्मं पाणी शुद्ध निघतं असं धरलं, तर ३ मिलिग्रॅमच्या पाण्यातून बाकी निम्मं ५.७ चं होऊन बाहेर पडतं. ते कुठे सोडता? बहुतेक गटारात, आणि तिथून परत जमिनीत. दुसरी गोष्ट म्हणजे आरओचं पाणी कॅन भरून विकत घ्यावं लागतं, म्हणून ते फक्त प्यायला. भात, वरण, चहा बोअरच्याच पाण्यावर. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. ३ लिटर पिणं आणि १ लिटर रांधणं धरा: सगळं बोअरचं असेल तर दिवसाला १२ मिलिग्रॅम, नुसतं पिणं बदललं तर ३.९. त्यातले ३ एकट्या स्वयंपाकातून. आणि चहापत्तीत स्वतःचं फ्लोराइड असतं ते वेगळंच!

आडपाणी:
रांधण्याचा मुद्दा मान्य, कॅनचा दर त्या हिशेबानं ठरवायला हवा. तरी भाड्याच्या खोलीत, कवेलूच्या गळक्या छपराखाली राहणाऱ्यानं टाकी कुठे बसवायची?

फिटकरी:
नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत, तिचं नाव कुणीच काढलं नाही. फिटकरी, तिच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका चुना, दहा-पंधरा मिनिटं संथ ढवळणं, तासभर निवळू देणं. वीज लागत नाही.

रिजेक्टवाला:
पण फिटकरीचा डोस नुसत्या फ्लोराइडवर नाही, पाण्याच्या अल्कधर्मितेवरही (आम्ल शमवण्याच्या ताकदीवर) ठरतो. शेजारच्या बोअरचं माप इथे लावलं की एक तर फ्लोराइड उरतं, नाहीतर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त राहतं. शिवाय गाळ रोज निघतो. गावपातळीवर हे सहा महिने नीट चालवणं अवघड आहे.

कोरडवाहू:
गळक्या छपराचा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी अंगणवाडीच्या आणि शाळेच्या छपरावर मोठी टाकी. पक्के दात हिरड्यांत घडत असतात ते आठ वर्षांच्या आतच, तेव्हा तिथली मुलं पहिली. त्याआधी गावातल्या प्रत्येक विहिरीचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं तपासा, मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा. खोल बोअर बाद ठरतं, तिथून दोनशे पावलांवरची उथळ विहीर चांगली निघू शकते.

आडपाणी:
आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं) बुडवून "पाणी ओके" म्हणणाऱ्याला आधी घरी पाठवा. तो फ्लोराइड दाखवतच नाही.