पाणलोटाच्या कामासाठी क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकायचंय, रास्टर आणि व्हेक्टरमधलं आधी काय? (सल्ला हवा)

माळरान:
नमस्कार मंडळी, मी पुरंदर तालुक्यात एका पाणलोट संस्थेत नुकतीच लागलेय, शिक्षण बीएस्सी अॅग्री. चार-पाच गावांतल्या विहिरी, ओढे, शेततळी सगळं नकाशावर आणायचंय आणि कुठे बंधारा घालता येईल तेही सुचवायचंय. रास्टर म्हणजे चौकोनी पिक्सेलांची जाळी आणि व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा, बहुभुज, एवढं पाठ झालंय, पण कुठल्या कामाला काय घ्यायचं तिथे गाडी अडते. पैसे भरून कोर्स करू का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

शिवारफेरी:
स्वागत! कोर्सचे पैसे आत्ता अजिबात भरू नका, क्यूजीआयएस फुकट आहे, ८ जीबीत चार गावांचं काम आरामात होतं. इस्रोच्या देहरादूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधली क्यूजीआयएसची मालिका, दोन्ही बिनपैशाचं आहे, सुरुवातीला तेवढं भरपूर झालं.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक गोष्टीला एकच विचारायचं, ही अमुक जागीच आहे का सगळीकडेच आहे? विहीर जिथे आहे तिथेच आहे, शेताला बांध आहे, ओढ्याला काठ आहे, हे सगळं व्हेक्टर, आणि त्याला तक्ता जोडता येतो, म्हणजे विहिरीच्या बिंदूला गट नंबर, खोली, मार्चमधली पाणीपातळी वगैरे. पण उंची, जमिनीतली ओल, पिकाचा हिरवेपणा याला कुठे सुरुवात-शेवट नसतो, शिवारात कुठेही उभं राहिलं तरी तिथे काहीतरी आकडा असतोच, म्हणून ते रास्टर, दर पिक्सेलला एक आकडा.

आणि रास्टर घेताना पहिल्यांदा पिक्सेल केवढा आहे ते बघा, दिसतंय किती छान ते नंतर. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा पिक्सेल १० मीटरचा (लाल, हिरवा, निळा आणि जवळचा इन्फ्रारेड या चार बँडना, म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यांना, बाकीचे बँड २० नाहीतर ६० मीटरचे), म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास एक पिक्सेल एक गुंठा! लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे. आता २० गुंठ्यांचं चौकोनी शेत धरा, बाजू ४५ मीटर, त्यात अख्खे बसणारे सेंटिनेलचे पिक्सेल जास्तीत जास्त १६, शेत तिरकं असेल तर अजून कमी, बाकीचे बांधावरचे, त्यात शेजाऱ्याचा ऊस पण मिसळलेला. लँडसॅटचा तर एखादाच बसेल. त्यामुळे एवढ्या तुकड्याबद्दल लँडसॅटवरून छातीठोक बोलूच नये, शेतकऱ्याला चुकीचं सांगितलं तर तो पुन्हा आपलं ऐकत नाही.

उतारावरचा:
वरचं सगळं पटलं. बंधाऱ्यासाठी उंचीचं रास्टर लागेल, त्याला डेम म्हणतात. एसआरटीएमचा डेम २००० साली स्पेस शटलमधून रडारने मोजलेला आहे, तो ३० मीटरचा मिळतो, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचाही आहे. क्यूजीआयएसमध्ये आधी डेममधले खोटे खड्डे बुजवायचे, मग प्रत्येक पिक्सेलचं पाणी शेजारच्या कुठल्या पिक्सेलकडे उतरतं ते काढायचं, मग कुठे किती पिक्सेलांचं पाणी गोळा होतं ते, आणि जिथे खूप गोळा होतं ती ओळ म्हणजे ओढा, ती शेवटी रेषा करून घ्यायची. हे एकदा स्वतःच्या गावावर करून बघाच, रास्टरमधून व्हेक्टर कसा निघतो ते डोळ्यासमोर दिसतं आणि मग व्याख्या पाठ करायची गरज राहत नाही. फक्त एक हात जोडून सांगतो, या डेमवरून समतल चर आखू नका, उभ्या मापात काही मीटरची चूक असू शकते, चराला ती चालत नाही, तिथे लेव्हल मशीन नाहीतर हायड्रोमार्करच (पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणारं साधन) हवा.

अजून एक, टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावर) रेषा दिसतात म्हणून ते व्हेक्टर असं समजू नका, स्कॅन केलेला कागद म्हणजे रास्टरच, ओढा हाताने गिरवाल तेव्हा तो व्हेक्टर होतो.

सातबारा_प्रेमी:
दोघांनीही प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी मांडायची त्याचं, सांगितलंच नाही! मोबाइलचं जीपीएस अंशात देतं, ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे अशा पद्धतीचा ठरलेला क्रमांक). त्यात १०० चा बफर (भोवतीचा पट्टा) दिलात तर १०० मीटर नाही, १०० अंशांचा होतो. पुरंदरसाठी मीटरमध्ये मोजणारं यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३, सगळे थर आधी त्यात आणा. (विदर्भातलं कुणी वाचत असेल तर ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे यवतमाळ, वर्धा, नागपूर, ४४ लागतो, ईपीएसजी ३२६४४.) आणि मागे वेब नकाशा लावला की प्रोजेक्ट बऱ्याचदा ईपीएसजी ३८५७ या वेब नकाशांच्या प्रोजेक्शनवर जातं, त्यात सपाट मापाने क्षेत्रफळ काढलं तर आपल्या अक्षांशावर ते ११ टक्के फुगतं, एकराचे ४४ गुंठे होतात.

व्हेक्टरची फाइल शेपफाइल या जुन्या प्रकारात ठेवू नका, जिओपॅकेज या नव्या प्रकारात ठेवा. शेपफाइलच्या रकान्याचं नाव १० बाइटचं आणि युनिकोडमध्ये मराठीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे 'पाणीपातळी' लिहिलं की तीन चिन्हांवर तुटतं. शिवाय ती एक फाइल नसतेच, शेप, डीबीएफ, प्रोजेक्शन अशी चार-पाच असतात, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर एकच पाठवतं आणि उघडत नाही.

ढगाळ:
थेट गूगल अर्थ इंजिन शिका ना, उपग्रहाची चित्रं गूगलच्या संगणकांवरच हाताळता येतात, डाउनलोडची भानगडच नाही.

शिवारफेरी:
ढगाळ, अर्थ इंजिन उत्तमच आहे, पण त्यात कोड लिहावा लागतो, आधी क्यूजीआयएसमध्ये हात बसू दे.

माळरान:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एक शेवटचं, पावसाळ्यानंतर कुठली शेततळी भरलीत आणि किती, ते सेंटिनेलवर कळेल का? आमच्याकडची बरीचशी ३० बाय ३० मीटरची आहेत.

शिवारफेरी:
पाणी आहे का नाही ते कळेल, किती ते नाही. ३० बाय ३० मध्ये अख्खे पिक्सेल साधारण चारच बसतात, बाकीच्यांत काठ मिसळतो. जुलै-ऑगस्टची चित्रं ढगांमुळे बहुतेक वाया, ऑक्टोबर अखेरचं घ्या. प्रत्येक तळ्याचा बहुभुज हाताने गिरवा आणि काठापासून थोडा आत घ्या. मग बँड ३ (हिरवा) आणि बँड ८ (जवळचा इन्फ्रारेड) वरून पाण्याचा निर्देशांक काढा, हिरव्यातून इन्फ्रारेड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. क्यूजीआयएसमधल्या झोनल स्टॅटिस्टिक्स या साधनाने प्रत्येक बहुभुजाची सरासरी थेट तक्त्यात येते. साधारण शून्याच्या वर गेलेली तळी पाण्याची धरा, सीमारेषेवरची असतील तिथे गाडी काढून जा आणि खोली पट्टीने मोजून त्याच तक्त्यात नवा रकाना करून भरा.