खिचडी नाही, वर्तुळ आहे ते

सेसिल मॅक्लोरिन सॅल्व्हांट या अमेरिकन जॅझ गायिकेच्या 'घोस्ट साँग' या अल्बमबद्दल (२०२२) कुणीतरी म्हटलंय की जॅझच्या नावाखाली पॉप, लोकगीत, नाटकातलं गाणं असं सगळं एकत्र कोंबलंय. कोंबलंय हे खरं, त्यातलं स्टिंग या इंग्लिश पॉप गायकाचं गाणं मलाही उपरंच वाटलं. पण एक गोष्ट इथे कुणी लिहिलेली दिसली नाही, ती म्हणजे पहिलं आणि शेवटचं गाणं. मला ती चुकून कळली. भाजी चिरताना अल्बम रिपीटवर राहिला होता, शेवटचं 'अनक्वाएट ग्रेव्ह' संपतं तेव्हा बाई साथीशिवाय नुसत्या गळ्यावर गात असते, आणि मला कळलंच नाही की गाणं संपून पुन्हा पहिलं सुरू झालंय, कारण पहिलं गाणं, म्हणजे इंग्लिश गायिका केट बुशचं १९७८ चं 'वदरिंग हाइट्स', पण सेसिल तशीच मोकळ्या गळ्याने, आयरिश लोकांच्या शान-नोस (साथीशिवाय गायच्या जुन्या) ढंगात सुरू करते. मग शब्द नीट ऐकले. पहिल्यात मेलेली बाई खिडकीशी येऊन आत घे म्हणतेय, आणि शेवटच्यात जिवंत माणूस वर्षभर थडग्यापाशी बसून मेलेल्याला झोपू देत नाहीये! मधली निम्म्याहून जास्त गाणी सेसिलची स्वतःची आहेत, ती मग वेगळीच लागतात.

आणि त्यातल्याच 'आय लॉस्ट माय माइंड'मधला पाइप ऑर्गन (चर्चमध्ये असतं ते मोठं वाद्य) मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका राव, हेडफोन लावा.