‘नेक्सस’ला साटंलोटं म्हणावं का?

अनुवादिका: पाणी आणि वीज यांचं नियोजन एकत्र करण्यावरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. दर परिच्छेदात ‘वॉटर-एनर्जी नेक्सस’. वर्तमानपत्रं या शब्दाला सर्रास ‘साटंलोटं’ लिहितात, पण ते पुढारी आणि गुन्हेगारांचं. पाण्या-विजेचं साटंलोटं म्हटलं की टेबलाखालून काहीतरी सरकतंय असं वाटतं. काय लिहू?

शब्दवेडा: बिचारं साटंलोटं उगाच बदनाम झालं. मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेणं, एवढाच त्याचा अर्थ! ‘नेक्सस’ लॅटिन ‘नेक्टेरे’वरून, म्हणजे बांधणे. बॉनला २०११ साली पाणी, ऊर्जा आणि अन्नसुरक्षेवर परिषद झाली, तिच्यानंतर धोरणवाल्यांच्या तोंडी हा शब्द फारच बसला. ‘अनुबंध’ घ्या.

पंपवाला: अनुबंध म्हणजे कवितासंग्रहाचं नाव वाटतं. ‘सांगड’ का नको? दोन होड्या किंवा पोकळ भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा, तो जुना अर्थ. एक भोपळा फुटला की दुसरा फार वेळ तारत नाही. इथंही तसंच. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायचं तर अजिबात गळती-घर्षण नसलेल्या पंपालाही ०.२७ युनिट वीज लागते. तेवढंच समुद्राचं पाणी आरओनं गोडं करायला साधारण ३ ते ४ युनिट. आणि वीज करताना कूलिंग टॉवरमधून १ युनिट उष्णता वाफेवाटे घालवली, तर दीड लिटर पाणी गेलंच समजा.

शब्दवेडा: पण सांगड ‘घालतात’. पाण्या-विजेची गाठ तर आधीचीच आहे, आपण फक्त नियोजनाची सांगड घालणार.

पंपवाला: मान्य. पण मला खरी भीती ‘वापर’ या शब्दाची वाटते. नदीचं पाणी एकदा फिरवून परत सोडणारं औष्णिक केंद्र प्रचंड पाणी घेतं, पण बहुतेक सगळं परत देतं, जरा गरम करून. टॉवर बसवला की घेणं कितीतरी कमी होतं, वाफ होऊन जाणं मात्र वाढतं. दोन्हीला ‘वापर’ लिहिलंत तर नदी आटल्यावर कुठलं केंद्र आधी बंद पडणार आणि खालच्या गावांचं पाणी कोण तोडणार, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. आम्ही घेतलेल्या पाण्याला ‘उचल’ म्हणतो.

अनुवादिका: वा! पगारातली उचलसुद्धा फेडायचीच असते. मग वाफ झालेलं ते ‘खर्ची पडलेलं’ पाणी. मूळ मसुद्यात दोन वेगळे शब्द आहेत आणि मी दोन्हीकडे ‘वापर’ ठोकून मोकळी झाले होते. अकरा पानं पुन्हा बघायला हवीत.

शब्दवेडा: गंमत बघा, नेक्ससचा सख्खा भाऊ ‘नेक्सम’ म्हणजे रोमन कायद्यातला कर्जापायी माणसाला बांधून टाकणारा करार. तुमची उचल फिरून तिथंच पोचली.

अनुवादिका: ठरलं. वस्तुस्थितीला ‘पाणी-ऊर्जा बंध’, नियोजनाला ‘सांगड’. जाता जाता, रात्रीच्या जादा विजेनं पाणी वरच्या तलावात चढवून ठेवतात, त्याला सरकारी मराठीत ‘उदंचन’ आहे. हा कुणाला समजतो का?

शब्दवेडा: समजत नाही, पण राहू द्या. संस्कृतात उदंचन म्हणजे पाणी काढायची बादली.