सर्दीचा न्यूमोनिया होतो तो नेमका कसा?

गटप्रवर्तक_सातारा:
घरभेटीत आया विचारतात, "परवापर्यंत नुसती सर्दी होती, मग छातीत एवढा कफ भरला कुठून?" आशाताईंना हे नीट समजावून सांगायचंय. जंतू खाली पोचतो कसा? आणि एक्स-रेवर पांढरं दिसतं ते जंतूच असतात का?

श्वसनरोग_रेसिडेंट:
ताई, न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जंतू कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकाघशात मुक्कामालाच असतो. झोपेत घशातला स्राव थोडाथोडा श्वासनलिकेत उतरतो, सगळ्यांचाच उतरतो. नलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलतात, खोकला बाहेर टाकतो, आणि तरीही वायुकोशापर्यंत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत) गेलेले जंतू तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी गिळतात. फ्लूचा विषाणू नेमकं हे केसाळ अस्तरच खराब करतो. म्हणून फ्लू ओसरताना पुन्हा ताप चढला तर अजिबात अंगावर काढू देऊ नका. चुलीच्या आणि बिडीच्या धुरानेही हे केस मंदावतात.

मॅक्रोफेजना जंतू आवरेनासे झाले की त्या रसायनं सोडतात. केशवाहिन्या पाझरू लागतात, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि पांढऱ्या पेशी वायुकोशात भरतात. त्या भागातून रक्त फिरतं, पण ऑक्सिजन न घेताच परततं. ऑक्सिमीटरचा आकडा घसरतो तो यामुळे.

पॅथॉलॉजी_शिक्षक:
एक्स-रेवरचं पांढरं म्हणजे हाच भराव. हवा असेल तिथे फुफ्फुस काळं दिसतं. आजाराने फुफ्फुसाचा एक अख्खा लोब (मोठा भाग) धरला आणि औषध मिळालं नाही, तर पहिल्या दिवशी तो भाग रक्त साचून जड होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लालभडक आणि यकृतासारखा घट्ट. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो, निरोगी फुफ्फुस तरंगतं. पुढे तांबड्या पेशी फुटून रंग राखाडी होतो. साधारण आठवडाभराने भराव विरघळायला लागतो. लहान मुलांत मात्र बहुधा एक लोब न धरता ठिकठिकाणी डाग पडतात.

बालरोग_पीएचसी:
आशाताईंसाठी कामाची गोष्ट म्हणजे श्वास मोजणे. मूल शांत असताना, अंगावर पीत नसताना, झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजा. 2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिने 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षे 40 किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थेट रेफर करा. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, तेही बघा. मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल, झटके आले किंवा ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली गेला, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसविरुद्धची लस, 6 आणि 14 आठवड्यांना आणि 9 महिन्यांना; कार्डावर तिन्ही नोंदी तपासा.

गटप्रवर्तक_सातारा:
ताप उतरला की आया औषध बंद करतात. एक्स-रे परत काढावा का?

श्वसनरोग_रेसिडेंट:
औषध सांगितलेले सगळे दिवस द्यायचं. मूल खेळतंय, खातंय तर एक्स-रेची सहसा गरज नाही; डाग जायला काही आठवडे लागतातच. पण औषध सुरू करून 48 ते 72 तास झाले आणि ताप हटत नसेल, तर फुफ्फुसाच्या आवरणात पू झालाय का, हे बघायला लगेच पाठवा.