प्रति: फी माफ, तरी कॉलेज पैसे मागतंय

महाराष्ट्रात मुलींना फी माफ असूनही कॉलेज पैसे मागतं, अशी तक्रार आहे. २०२४-२५ पासूनची माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. होस्टेल, मेस, अनामत खिशातूनच. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विषयच संपला.

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुतेकदा बँकेत. आधार देऊन केवायसी केलं म्हणजे सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं) झालं असं नाही, त्याचा फॉर्म वेगळा. दोन खाती असतील तर रक्कम शेवटी सीड केलेल्या खात्यात जाते, मग ते शाळेतलं बंद पडलेलं का असेना! नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरायचा, आपोआप काही होत नाही.